कळलावी, टकळी आणि लहान डोकं

श्रावणात यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागलात की करवंदीच्या जाळ्यांतून कळलावी डोकावताना दिसते. खाली पिवळी, वर लाल, पाकळ्या उलट्या आभाळाकडे वळलेल्या. दुरून वाटावं जाळीला आग लागली. संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात ते उगीच नाही. दुसरं नाव लांगली, कारण जमिनीखालचा कंद नांगरासारखा वाकडा. आमच्याकडे कुणी खड्यानाग म्हणतं, कुणी वाघनखी. पण कळलावी हे नाव सगळ्यांच्या तोंडी.

या नावाला दोन अर्थ आहेत. ही वेल घरात आणली की घरात कळ लागते, भांडणं होतात, हा एक. दुसरा अर्थ सुइणींचा. अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून या कंदाचा लेप लावायचा किंवा तो बांधायचा आणि मूल बाहेर आलं की लगेच काढून टाकायचा. वाळवा तालुक्यातल्या माझ्या आजोळी सुईण हा कंद फडक्यात गुंडाळून वळचणीला ठेवायची आणि आम्हा पोरांना त्याला हात लावायची सक्त मनाई होती. ते बरंच होतं म्हणायचं, कारण हा कंद जहाल विषारी. रताळं किंवा कोनफळ समजून खाल्ल्याने माणसं दगावलेली आहेत.

तर मंडळी, आज या विषाची गोष्ट सांगायची आहे. मी आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवलं, विज्ञानाच्या बाई वेगळ्या होत्या. पण गेल्या दोन वर्षांत आमच्या घरात असं काही घडलं की मला म्हातारपणी पेशीविभाजन वाचावं लागलं. वाचता वाचता लक्षात आलं, हाही इतिहासच आहे. लढाया नाहीत एवढंच.

कळलावीतलं विष म्हणजे कोल्चिसिन. युरोपात ते आधी केशराच्या फुलासारख्या दिसणाऱ्या एका रानटी कंदात सापडलं. १८२० साली पेल्त्ये आणि काव्हांतू या दोन फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी ते वेगळं केलं. (याच जोडीने त्याच वर्षी क्विनाइनही वेगळं केलं. हिवतापाने पिडलेल्या आपल्या देशाला त्यांचं नाव माहीत असायला हवं.) संधिवाताच्या एका प्रकारावर हे औषध जुन्या काळापासून चालत आलेलं. पण त्याची खरी करामत १८८९ मध्ये सिसिलीतल्या पेर्नीचे नावाच्या डॉक्टराने पाहिली. कोल्चिसिन दिलेल्या प्राण्याच्या आतड्यात पेशी विभागताना अर्ध्यातच अडकून पडल्या होत्या. त्याचं म्हणणं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९३० नंतर ब्रुसेल्सच्या द्युस्तँ यांच्या प्रयोगशाळेने ते पुन्हा उकरून काढलं, तेव्हा जग जागं झालं.

पेशी विभागते हे तोवर माहीत होतं. जर्मनीत कील इथे वाल्थर फ्लेमिंग यांनी सॅलमँडरच्या पिल्लांच्या पेशी रंगवून त्यात धाग्यांसारखं काहीतरी आधी दुपटीने आणि मग दोन बाजूंना जाताना पाहिलं. १८८२ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि ग्रीक भाषेतल्या धाग्यासाठीच्या शब्दावरून त्या क्रियेला मायटोसिस नाव दिलं. आपल्याकडे समसूत्री विभाजन म्हणतात, त्यातही सूत आहेच.

आणि तुर्कतंतू! बालभारतीच्या पुस्तकात हा शब्द आहे आणि मुलांना तो तुर्कस्तानातून आल्यासारखा वाटतो. मूळ शब्द तर्कु, म्हणजे चाती, टकळी. म्हसवड-दहिवडीकडे धनगर मेंढरांमागून चालता चालता ज्या टकळीवर लोकर कातायचे तीच. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती. विभागणाऱ्या पेशीत गुणसूत्रं मधल्या रेषेवर येतात आणि दोन टोकांकडून आलेले तंतू त्यांना धरतात, तेव्हा नेमका हाच आकार दिसतो. शब्द करणाऱ्याने विचार केला होता, पण वर्गात तो कुणी समजावून सांगत नाही. असो.

गंमत म्हणजे हे तंतू खरे आहेत की नाहीत यावर पन्नास-साठ वर्षं वाद चालू होता. पेशी मारून, रंगवून पाहिल्यावर दिसतात, मग ते रंगामुळेच झाले नसतील कशावरून? शिन्या इनोउए या जपानी शास्त्रज्ञाने स्वतः जुळवलेल्या सूक्ष्मदर्शकातून १९५० च्या सुमारास जिवंत पेशीत ते पाहिले. कोल्चिसिन टाकलं की ते विरघळून जातात हेही त्यांनीच दाखवलं. टकळीवरचं सूत गेलं की गुणसूत्रं जागच्या जागी खिळतात. कळलावी करते ते एवढंच.

आता हे विष उपयोगी कसं पडलं बघा. पेशी नेमकी मध्यावर अडकली की गुणसूत्रं जाड, सुटी आणि मोजण्याजोगी होतात. माणसाला अठ्ठेचाळीस गुणसूत्रं असतात असं तीसेक वर्षं पुस्तकांत छापलं जात होतं आणि सगळे त्यावर मान डोलवत होते. १९५६ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे जो हिन त्यो (जावात जन्मलेला) आणि अल्बर्ट लेव्हान यांनी कोल्चिसिन वापरून ती मोजली. भरली शेहेचाळीस! पुढे तीनच वर्षांत, १९५९ मध्ये, पॅरिसच्या जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्याला आपण डाउन सिंड्रोम म्हणतो त्या मुलांना एकविसाव्या क्रमांकाचं एक गुणसूत्र जास्त असतं. मेंदूच्या एखाद्या विकाराचं मूळ पेशीच्या वाटणीत आहे, हे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं ते असं.

वाटणी चुकते कशी? याचं उत्तर प्रथिनांत आहे आणि ते मला एसटीमुळे समजलं. दोन सारखी गुणसूत्रं कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्याने एकत्र बांधलेली असतात. प्रत्येक जोडीला दोन्ही बाजूंचे तंतू लागले की नाही हे दुसरी काही प्रथिनं तपासत राहतात. एक जरी लोंबकळत असेल तरी कंडक्टर घंटी देत नाही. सगळी नीट धरली गेली की घंटी वाजते, एक प्रथिन कात्रीसारखं त्या कड्या कापतं आणि गाडी दोन दिशांना सुटते. बीजपेशींत मात्र एक वेगळीच अडचण आहे. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या बीजपेशी अर्ध्या विभाजनात थांबतात आणि पुढे पंधरा, तीस, चाळीस वर्षं तशाच थांबून राहतात. म्हणजे माझी आई ज्या बीजातून झाली ते माझ्या पणजीच्या पोटात तयार झालं होतं. इतकी वर्षं कडी टिकायची, ती सैल होते. वाढत्या वयातल्या बाळंतपणात हा धोका का वाढतो, त्याचं हे एक मोठं कारण. त्यात त्या बाईने काय खाल्लं, कुणाचं तोंड पाहिलं, याचा काही संबंध नाही.

आपल्या महाराष्ट्रात हे पेशींचं काम कुणी सुरू केलं, तेही सांगायला हवं. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. १९१७ चा पुण्यातला जन्म, शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. पुण्याच्या शेतकी कॉलेजात त्यांनी एम.एस्सी.साठी सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींचा आणि गुणसूत्रांचा अभ्यास केला. मग मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली कर्करोगाकडे वळल्या, १९४९ मध्ये डॉक्टरेट झाली. त्यानंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकल्या. हे तेच गाय, ज्यांच्याकडे १९५१ पासून हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या पेशी अखंड विभागत राहिल्या. परत आल्यावर रणदिवेबाईंनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात बशीत पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली, देशातली पहिली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. या बाईंचं नाव आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं.

आता गोष्ट मेंदूकडे वळते, तीही कळलावीच्याच विषामुळे. १९६७ मध्ये शिकागोत गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर या दोघांनी कोल्चिसिनला किरणोत्सारी खूण लावली आणि ते शरीरात नेमकं कशाला चिकटतं याचा माग काढला. अंदाज असा की जिथे पेशी भराभर विभागतात तिथे ते जास्त सापडेल. तसं सापडलंही. पण सगळ्यात भरपूर सापडलं ते मेंदूत. मेंदूतल्या चेतापेशी तर विभागत नाहीत! मग तिथे टकळीचं सूत कशाला? उलगडा असा झाला की ज्या प्रथिनापासून विभाजनाचे तंतू बनतात, त्याच प्रथिनाच्या नळ्या चेतापेशींच्या लांब शेपटांत आधारासारख्या आणि रुळांसारख्या घातलेल्या असतात. या प्रथिनाला पुढे ट्युब्युलिन नाव मिळालं. म्हणूनच आजही ट्युब्युलिन हवं असलं की शास्त्रज्ञ खाटकाकडून जनावराचा मेंदू आणतात.

मुंबईत आय.आय.टी.मध्ये दुलाल पांडा यांच्या प्रयोगशाळेत शेळीच्या भेजातून काढलेलं ट्युब्युलिन वापरत. २००६ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हळदीतलं कर्क्युमिन ट्युब्युलिनला चिकटून त्याच्या नळ्या बनू देत नाही. सांगलीकरांनो, छाती फुगवायला हरकत नाही. पण लगेच सकाळ-संध्याकाळ चमचा चमचा हळद खायला लागू नका. परीक्षानळीत होतं ते पोटात होत नाही, कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं. (हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला त्या पेवांचीच आठवण झाली.)

याच सुताशी खेळणारं दुसरं औषध टॅक्सॉल. कळलावीच्या बरोबर उलटं. ती सूत विरघळवते, हे सूत इतकं घट्ट करतं की हलता येत नाही. परिणाम तोच, विभाजन बंद. ते शोधणाऱ्या जोडीतले एक म्हणजे मनसुख वाणी, १९२५ साली आपल्या नंदुरबारला जन्मलेले. मन्रो वॉल यांच्याबरोबर अमेरिकेत त्यांनी १९७१ मध्ये टॅक्सॉलची रचना प्रसिद्ध केली. त्याआधी १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिन. तेच कॅम्प्टोथेसिन १९७२ मध्ये गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना सह्याद्रीतल्या नरक्यात सापडलं. तेव्हापासून पाटण-महाबळेश्वरच्या जंगलातल्या नरक्यामागे तस्कर लागले ते लागलेच. टॅक्सॉल घेणाऱ्या रुग्णांच्या हातापायांची बोटं बधिर होतात, हे ज्यांच्या घरी कर्करोग येऊन गेला त्यांना ठाऊक असेल. चेतापेशीतले रूळही त्याच सुताचे, म्हणून.

आता मूळ मुद्दा. मेंदू बनतो कसा?

गर्भात पहिल्या महिन्यातच एक नळी तयार होते. तिच्या आतल्या अंगाला ज्या पेशी असतात त्या मेंदूचं बियाणं समजा. सुरुवातीला एका बियाण्याच्या पेशीपासून दोन बियाण्याच्याच पेशी होतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार. मग हळूहळू वाटणी बदलते. दोनातली एक बियाणं म्हणून राहते आणि दुसरी चेतापेशी होऊन वर निघून जाते. ती पुन्हा विभागत नाही. शेतकऱ्याच्या घरात हे समजावून सांगायला नको. जोंधळ्याचं सगळं पीक बियाण्याला ठेवलं तर खायचं काय? आणि बियाणं लवकर खायला काढलं तर पुढच्या साली रान रिकामं. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात, त्या या हिशेबावर उभ्या असतात.

हिशेब ठेवते कोण? ती टकळीच. तिची दोन टोकं कुठे रोवली जातात, टकळी आडवी आहे की तिरकी, यावर वाटणी बरीचशी ठरते. टोकांपाशी तारककेंद्रं असतात आणि तिथे डझनावारी प्रथिनं पहारा देतात. त्यातलं एक बिघडलं की टकळी डळमळते, बियाण्याच्या पेशी वेळेआधीच चेतापेशी होतात किंवा मरतात. बियाणं आटतं. मेंदूची घडण साधारण शाबूत राहते, पण तो लहान राहतो. मूल जन्मतं ते लहान डोक्याचं. पुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण चौतीस-पस्तीस सेंटिमीटर असतो, या मुलांचा त्याहून बराच कमी भरतो.

(विभाजन संपलं तरी प्रथिनांचं काम संपत नाही. नव्या चेतापेशीला वर चढून जायचं असतं आणि टकळी ओढणारीच प्रथिनं तिचं केंद्रक ओढत नेतात. १९९३ मध्ये असं एक जनुक सापडलं, लिस-१. ते बिघडलं की पेशी अर्ध्या वाटेत राहतात आणि मेंदू घड्यांशिवाय गुळगुळीत होतो. अशा मुलांना फार कडक झटके येतात.)

पाकिस्तानी पंजाबात गुजरात नावाचं शहर आहे. तिथे शाह दौला या सतराव्या शतकातल्या फकिराचा दर्गा आहे. लहान डोक्याची मुलं तिथे आणून सोडत आणि त्यांना शाह दौल्याचे उंदीर म्हणत. ती भीक मागत हिंडत. लोखंडी टोपी घालून त्यांची डोकी लहान ठेवतात अशी वदंता शंभर वर्षं चालत राहिली. वैद्यक मात्र वेगळ्या दिशेने पुढे गेलं. इंग्लंडमधल्या पाकिस्तानी कुटुंबांत, जिथे चुलत-मामे भावंडांत लग्नं होतात, तिथे संशोधकांनी शोध घेतला. १९९८ मध्ये पहिल्या जनुकाची जागा सापडली. २००२ मध्ये त्या जनुकाची आणि एएसपीएम या दुसऱ्या जनुकाची ओळख पटली. हे दुसरं नाव आलंय फळमाशीवरून. माशीतलं हे जनुक बिघडलं की टकळी वाकडीतिकडी होते, हे माशी पाळणाऱ्यांनी आधीच नोंदवून ठेवलं होतं. माणसांत जन्मजात लहान डोक्याचं सर्वांत जास्त आढळणारं कारण हेच निघालं. २००६ मध्ये ड्रेस्डेनच्या व्हीलंड हुटनर यांच्या गटाने उंदरात दाखवलं की हे प्रथिन कमी पडलं की बियाण्याच्या पेशींची समान वाटणी बिघडते. २००९ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अरुण कुमार आणि निम्हान्सचे सतीश गिरिमाजी यांनी सहकाऱ्यांसह भारतीय कुटुंबांचा अभ्यास करून स्टिल हे आणखी एक जनुक यादीत घातलं. तेही तारककेंद्राचंच.

आता माझ्या मामींबद्दल. (नात्यातले वाचतात, म्हणून नावं घालत नाही. ओळखतील ते ओळखतील.)

माझ्या थोरल्या मामांनी त्यांच्या सख्ख्या मामाच्या मुलीशी लग्न केलं. सातारा-सांगलीत यात नवल काहीच नाही. मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क, असं उघड बोलत. इरावती कर्व्यांनी १९५३ मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, त्यात महाराष्ट्राचं हेच वैशिष्ट्य सांगितलं आहे. इथे मामाची मुलगी चालते, आत्याची मुलगी बहुतेक ठिकाणी चालत नाही. खाली कर्नाटकात गेलं की मामा-भाचीचंही लग्न लागतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने इतक्या जवळची नाती वर्ज्य केली, पण जिथे रूढी असेल तिथे सूट ठेवली. म्हणजे आमच्याकडे काही बदललं नाही.

मामींना पाच मुलं झाली. तिसरा मुलगा आणि पाचवी मुलगी लहान डोक्याची. मुलगा वयाच्या नवव्या वर्षी तापाने गेला. मुलगी आहे, आता साठी ओलांडली आहे. तिला मी इथे ताई म्हणते. ताई चालते, बोलते, भाकरी थापते, शेळ्या राखते. तिला लिहिता-वाचता येत नाही, पैशाचा हिशेब जमत नाही. पण गावातून जाणाऱ्या प्रत्येक एसटीची वेळ तिला तोंडपाठ.

दोष कुणाला? मामींना. मुलगा झाला तेव्हा ठरलं की दिवस राहिलेले असताना त्यांनी कळलावीची वेल ओलांडली. मुलगी झाली तेव्हा ग्रहण निघालं, गर्भारपणात ग्रहणात विळी हातात घेतली म्हणे. १९८० च्या फेब्रुवारीतल्या खग्रास ग्रहणाच्या वेळी सांगलीत दुपारी रस्ते ओस पडले होते, तेव्हा मामी दारं लावून कोपऱ्यात बसलेल्या मी पाहिल्या आहेत. वय उलटून गेलेलं, मूल व्हायचा प्रश्न नव्हता. तरी बसल्या होत्या. सासूने तर शेवटपर्यंत पांढऱ्या पायाची म्हटलं. ती सासू त्यांची सख्खी आत्या होती, हे विशेष. मामांना कुणी एक शब्द बोललं नाही.

कळलावीला मी आज निर्दोष सोडते. मेंदूच्या बाह्य भागातल्या बहुतेक चेतापेशी गर्भारपणाच्या पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत तयार होऊन गेलेल्या असतात. सुईण कंद काढायची ती नवव्या महिन्याच्या अखेरीला. आणि वेल ओलांडल्याने कोल्चिसिन कुणाच्या पोटात जात नाही. (कंद पोटात गेला तर आईच वाचणार नाही, ती गोष्ट निराळी.)

लहान डोक्याला बाहेरची कारणंही असतात, हे खरं. २०१५-१६ मध्ये ब्राझीलमध्ये झिका विषाणूने गर्भातल्या याच बियाण्याच्या पेशींवर घाला घातला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतातल्या काही लोकांच्या रक्तात झिकाविरुद्धची प्रतिपिंडं आढळली होती आणि २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला महाराष्ट्रातला पहिला रुग्ण सापडला. पण एकाच आईबापांच्या पाच मुलांत दोघं, बाकीची तीन ठणठणीत, आणि आईबाप आते-मामे भावंडं... इथे विषाणू शोधायची गरज नव्हती. आर्चिबाल्ड गॅरड या इंग्रज डॉक्टराने १९०२ मध्येच दाखवलं होतं की काही विकार भावंडांच्या लग्नातून जन्मलेल्या मुलांत जास्त दिसतात. बिघडलेल्या जनुकाची एक प्रत असली तर काही होत नाही, दुसरी प्रत काम भागवते. एकाच आजोबांकडून आलेली तीच बिघडलेली प्रत नवरा आणि बायको दोघांकडे असली, तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता, की मुलाला दोन्ही प्रती तशाच मिळतील.

दोन वर्षांपूर्वी मामींच्या धाकट्या मुलीच्या मुलासाठी त्यांच्या थोरल्या मुलाच्या मुलीची बोलणी सुरू झाली. म्हणजे पुन्हा मामाची मुलगी. घरात आनंदीआनंद. मी वही घेऊन बसले. मामींची जी मुलं ठणठणीत आहेत, त्यांपैकी प्रत्येकाकडे बिघडलेली एक प्रत असण्याची शक्यता तीनात दोन. (चारातला आजारी पर्याय वगळला की तीन उरतात, त्यात दोन वाहक.) त्यांच्या मुलांकडे ती येण्याची शक्यता निम्मी, म्हणजे तीनात एक. दोन्ही नातवंडांकडे असण्याची नवात एक. आणि त्यांच्या बाळाला विकार होण्याची छत्तीसात एक. इतर कुणाशी लग्न केलं तर हा धोका जवळजवळ नाहीच. भावंडांच्या लग्नांना मी सरसकट नावं ठेवत नाही. कुठल्याही जोडप्यात शंभरात दोन-तीन मुलं काही ना काही जन्मदोष घेऊन येतात, आते-मामे भावंडांत त्यात आणखी दोन-तीनांची भर पडते. बहुतेक घरांत काही होत नाही. पण आमच्या घरात झालेलं होतं, दोनदा.

बैठकीत वही दाखवली तर थोरल्या भावाने विचारलं, हे इंग्रजी पुस्तकातलं आपल्याला कशाला? दुसरा म्हणाला, आईला खड्ड्यात घालून झालं, आता बापालाही घालायचं का? मामा-मामी दोघंही आता नाहीत. मी म्हटलं, खड्डा कुणालाच नको, पण निम्मा वाटा मामांकडून आला हे एकदा मोठ्याने बोलू द्या. बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

आश्चर्य म्हणजे तपासणीचं मुलीनेच काढलं. ती परिचारिकेचं शिकते आहे. तिने ताईच्या रक्ताची जनुकीय तपासणी करायला लावली, कारण आजारी माणसात बिघाड कुठला आहे ते कळलं तरच बाकीच्यांना नेमकं तपासता येतं. ताई हयात आहे म्हणून हे जमलं. रक्त काढणाऱ्या मुलाला ताईने बजावलं, लवकर आटप, साडेचारची गाडी आहे. अहवाल आला, एएसपीएमच निघालं. मग त्या दोघांचं रक्त गेलं. मुलाकडे बिघडलेली एक प्रत आहे, मुलीकडे नाही. म्हणजे या जनुकापुरती भीती नाही.

इथे इतिहासाच्या बाईंना एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००५ च्या आसपास वर्तमानपत्रांत आलं होतं की याच जनुकांच्या काही प्रकारांमुळे माणसाचा मेंदू अजून सुधारतो आहे आणि ते प्रकार काही वंशांत जास्त आहेत. पुढे तपासलं तेव्हा त्या प्रकारांचा ना डोक्याच्या आकाराशी संबंध निघाला ना बुद्धीशी. डोकी मोजून माणसांची प्रत लावायची हौस जुनी आहे. इरावतीबाई स्वतः १९२८ च्या सुमारास बर्लिनला गेल्या, तेव्हा त्यांच्या प्राध्यापकांना, ऑयगेन फिशर यांना, युरोपियांच्या कवटीत काही खास असतं हे सिद्ध करून हवं होतं. बाईंनी शे-दीडशे कवट्या मोजल्या आणि तसं काही नाही, असं प्रबंधात लिहून दिलं. फिशर पुढे नाझींना सामील झाले. बाई पुण्याला परत आल्या आणि महाराष्ट्रातली नाती-गोती मोजू लागल्या.

लग्नाचं म्हणाल तर ते काही ठरलं नाही. अहवाल हातात आल्यावर मुलगी वडिलांना म्हणाली, भीती नाही ते बरं झालं, पण मला त्याच्याशी करायचंच नव्हतं, तो लहानपणापासून भावासारखा आहे. पुढच्या महिन्यात तिची परीक्षा आहे. ताईने तिला मिरजेला जायच्या गाडीची वेळ सांगून ठेवली आहे.